चेहरा शेवटी बघा : हातोड्याने पाडलेली इंग्रजी नाणी ओळखायला शिकताना

मध्ययुगीन इंग्रजी पेनी, म्हणजे चांदीचं छोटं नाणं, पहिल्यांदा हातात आली की नजर आधी राजाच्या चेहऱ्यावर जाते, आणि गडबड तिथेच होते. 1180 ते 1247 या सदुसष्ट वर्षांत इंग्लंडवर चार राजे होऊन गेले : दुसरा हेन्री, रिचर्ड, जॉन आणि तिसरा हेन्री. पेन्यांवर मात्र नाव एकच, हेन्रिकस. रिचर्ड आणि जॉन यांनी इंग्लंडमधल्या पेनीवर स्वतःचं नाव घातलंच नाही. चेहराही कोणाचा म्हणून नाही. दोन डोळे, दाढी, कुरळे केस आणि मुकुट काढला की झाला राजा. खरोखर माणसासारखा माणूस दिसायला सातव्या हेन्रीची अखेरची वर्षं, म्हणजे साधारण 1504, उजाडावी लागली.

म्हणून नवशिक्याने क्रम उलटा लावावा. आधी मागची बाजू, मग वजन, मग अक्षरं, मग बारीक खुणा. चेहरा सगळ्यात शेवटी.

नाणं पडायचं कसं

हे आधी समजून घ्यायलाच हवं, कारण नाण्यातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा इथेच होतो. चांदीचा पत्रा ठोकून पातळ करायचा, त्यातून कातरून गोल चकत्या काढायच्या. खालचा ठसा लाकडी ओंडक्यात खिळ्यासारखा पक्का ठोकलेला. त्यावर चकती, चकतीवर हातात धरलेला वरचा ठसा, आणि त्याच्या डोक्यावर हातोडा. खालच्या ठशात बहुधा राजाची बाजू, वरच्यात क्रॉसची. हातोड्याचा मार थेट वरच्या ठशावर, त्यामुळे तो लवकर फुटे. म्हणूनच राजाचा एकच ठसा आणि मागच्या बाजूला दोनतीन वेगवेगळे ठसे, अशी नाणी आढळतात.

हातोडा तिरका बसला की एक बाजू ठसठशीत आणि समोरची पुसट. ठसा किंचित उडाला आणि दुसरा घाव पडला की अक्षरं जोडीजोडीने उमटतात. चकतीची कड फाटणं तर नेहमीचंच.

शिवराई हाताळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इंग्लंडमध्ये हातोडा कायमचा थांबला 1662 मध्ये, यंत्र आल्यावर. रायगडावरचा राज्याभिषेक 1674 चा, आणि त्याच्या शिवराया हातोड्याच्याच. पण एक फरक ध्यानात ठेवा. शिवराईचा ठसा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे ‘श्री’ कडेबाहेर राहिला तरी नाणं धड असू शकतं. इंग्रजी पेनीचा ठसा साधारण चकतीएवढाच असतो. मजकूर एकाच बाजूला सरकलेला असेल तर घाव केंद्रातून ढळला आहे. सगळीकडून गायब असेल तर कोणीतरी कात्रीने कड कातरून चांदी काढून घेतली आहे.

हाताशी काय हवं

0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, दहापट दाखवणारं भिंग, प्लास्टिकचा व्हर्नियर (लोखंडी नको, ओरखडे उठतात), बाजूने उजेड टाकता येईल असा टेबललँप आणि खाली अंथरायला जाड टॉवेल. नाणं नेहमी कडेला धरून, टॉवेलवरच हाताळायचं. शेकडो वर्षं मातीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते. फरशीवर पडली तर बिस्किटासारखी तुटते.

दिवा नाण्याच्या पातळीत आणून हळूहळू फिरवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात सावली धरतात. नवशिक्यांचे निम्मे ‘वाचताच येत नाही’ इथेच सुटतात.

पहिली पायरी : मागचा क्रॉस

क्रॉसच्या भुजा दुहेरी रेषेच्या आहेत आणि मजकुराच्या आतल्या वर्तुळातच थांबतात, चारही कोनांत चार टिपक्यांचं लहान फूल आहे : हा आखूड क्रॉस, 1180 ते 1247.

भुजा दुहेरीच, पण थेट कडेपर्यंत गेलेल्या आणि प्रत्येक कोनात तीन टिपके : लांब क्रॉस, 1247 ते 1279, तिसऱ्या हेन्रीचा आणि थोडा काळ त्याच्या मुलाचा. क्रॉस कडेपर्यंत नेला तो कातरणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. भुजेचं टोक दिसत नसेल तर नाणं कातरलेलं आहे, हे अडाण्यालाही कळावं.

भुजा भरीव, एकेरी, टोकाला किंचित रुंद, आणि तीनतीन टिपके : 1279 मध्ये पहिल्या एडवर्डने आणलेली रचना. ही इतकी टिकली की पंधरावं शतक संपत येईपर्यंत तीच चालली. क्रॉसवर ढाल बसवलेली असेल तर तुम्ही ट्यूडर काळात (1485 ते 1603) किंवा त्यानंतर आहात.

1180 च्या आधीचा प्रांत मुद्दाम बाजूला ठेवला आहे. सॅक्सन आणि नॉर्मन पेन्या सुंदर आहेत, पण महाग आहेत, त्यांच्या नकलाही जास्त आहेत. दुसऱ्या हेन्रीची 1158 ते 1180 मधली पेनी तर इतकी वाईट ठोकलेली असते की मुरलेले संग्राहकही एका नाण्यावर अर्धं नाव वाचता आलं तर खूश होतात. तिकडे नंतर जा.

इथे तीन चकवे आहेत. मागे टिपक्यांऐवजी चांदण्या आणि पुढे एका कुशीवर वळलेला चेहरा असेल तर नाणं स्कॉटलंडचं. राजाचं डोकं त्रिकोणात असेल तर आयर्लंडचं. आणि सगळं एडवर्डसारखंच, पण मुकुटाऐवजी डोक्यावर गुलाबांची माळ असेल तर ती नेदरलँड्स-बेल्जियम बाजूच्या सरदारांनी पाडलेली नक्कल. लक्झेंबर्गच्या आंधळ्या जॉनने तर एडवर्डस या नावाच्या जागी ई-आय-डब्ल्यू-ए-एन-ई-एस अशी अक्षरं घातली. घाईत बघणाऱ्याला एडवर्डच वाटावा, हाच हेतू. या नकलांचेही वेगळे संग्राहक आहेत, त्यामुळे हाती आली तर फेकू नका.

दुसरी पायरी : वजन

बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, चार पेनींचा ग्रोट. चांदी 92.5 टक्के. राजाला पैसा कमी पडला, चांदी महागली, की पेनी हलकी व्हायची. तिचं ठरलेलं वजन असं उतरत गेलं : 1279 ला सुमारे 1.44 ग्रॅम, 1351 ला 1.17, 1412 ला 0.97, 1464 ला 0.78, आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात जेमतेम 0.52. ग्रोट याच्या चौपट : 1351 ला 4.67, 1412 ला 3.89, 1464 ला 3.11.

या आकड्यांचा उपयोग एका बाजूनेच होतो, आणि हे फार जण विसरतात. झीज आणि कात्री वजन कमी करतात, वाढवत कोणीच नाही. ‘एडवर्ड’ वाचता येणारी पेनी 1.35 ग्रॅम भरली तर ती 1351 नंतरची नाही, हे पक्कं. तीच 1.05 भरली तर ती तिसऱ्या एडवर्डची असेल किंवा पहिल्याची कातरलेली असेल, काहीच पक्कं नाही. अशा वेळी व्यास आणि कडेवरची अक्षरं बघा. अक्षरांची डोकी छाटलेली असतील तर उत्तर मिळालं.

अर्धी किंवा पाव पेनी मिळाली तर मोडकी म्हणून नाक मुरडू नका. 1279 पूर्वी सुट्टे पैसे म्हणून पेनी क्रॉसच्या रेषेवरून कापूनच देत. काप सरळ आणि जुना हवा. ताज्या, चकाकत्या कडेचा काप मात्र नांगराचा किंवा विक्रेत्याचा.

तिसरी पायरी : अक्षरं

राजाच्या बाजूला वर, मुकुटाच्या डोक्यापाशी लहान क्रॉस किंवा खूण असते. तिथून घड्याळाच्या दिशेने वाचायचं. यू नेहमी व्ही सारखा, डब्ल्यू म्हणजे शेजारी शेजारी दोन व्ही. सी आणि ई दोन्ही गोल पोटाचे आणि पुढून बंद केलेले, ई मध्ये फक्त एक आडवी काडी जास्त. एन पुष्कळदा उलटा कोरलेला. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही.

आखूड आणि लांब क्रॉसच्या पेनीवर मागे टाकसाळ्याचं नाव, मग ‘ऑन’, मग गावाचं नाव. विल्यम ऑन लंडन, या थाटात. नाव कौतुकासाठी नव्हतं, चांदी खोटी निघाली तर धरायला माणूस हवा म्हणून होतं. पहिल्या हेन्रीने 1124 च्या नाताळात टाकसाळ्यांना विंचेस्टरला बोलावलं आणि त्यातल्या अनेकांचे उजवे हात तोडले.

गावांची नावं आजच्यासारखी नाहीत. ‘एव्हरविक’ म्हणजे यॉर्क. ‘निकोल’ म्हणजे लिंकन, पण ‘ऑन’ च्या नंतर आला तरच. ‘निकोल ऑन कँट’ असं असेल तर निकोल हा माणूस आणि गाव कँटरबरी. लांब क्रॉसच्या पेन्यांवर ही चूक इतकी ठरलेली आहे की विक्रेत्यांच्या तिकिटांवरही सापडते.

1279 नंतर टाकसाळ्यांची नावं गेली (बरी सेंट एडमंड्सचा रॉबर्ट डी हॅडली हा एक अपवाद) आणि फक्त गाव उरलं. क्रॉसच्या चार भुजा त्या नावाचे चार तुकडे करतात. एक नाणं प्रत्यक्ष वाचून बघू.

समजा टेबलावर एक पेनी आहे. व्यास 18.5 मिलिमीटर, वजन 1.36 ग्रॅम. राजाचं नाक सपाट, डावा डोळा गेलेला. उलटवली. क्रॉस भरीव, कडेपर्यंत, तीनतीन टिपके : म्हणजे 1279 किंवा नंतर. वजन 1351 च्या 1.17 पेक्षा स्पष्ट जास्त : म्हणजे त्याआधीची. आता चार तुकडे. पहिल्यात सी-आय-व्ही-आय. दुसऱ्यात टी-ए-एस. दोन्ही मिळून ‘सिव्हिटास’, शहर. तिसरा तुकडा पुसट आहे. दिवा डावीकडून आणला तर सी-ए-एन उगवतं. चौथ्यात टी-ओ-आर. कँटरबरी. लंडन असतं तर एल-ओ-एन, डी-ओ-एन आलं असतं. ‘सिव्हिटास’ ऐवजी ‘व्हिला’ असतं तर बेरिक किंवा बरीसारखं गाव.

आता पुन्हा राजाकडे, पण चेहऱ्याकडे नाही, नावाकडे. ई-डी-डब्ल्यू ही तीनच अक्षरं आणि लगेच आर असेल तर बहुधा 1279 ते 1300 च्या आसपासचं. ‘एडवर्ड’ किंवा ‘एडवर’ असं लांब असेल तर चौदाव्या शतकाची पहिली काही वर्षं. ‘एडवा’ असेल तर पहिल्या एडवर्डची अखेर किंवा दुसऱ्याचा काळ, आणि तिथून पुढे मुकुटाच्या पानांचा आकार बघावा लागतो. आपल्या नाण्यावर तीनच अक्षरं आहेत. नवशिक्याला एवढं पुरे. अभ्यासकांनी या पेन्यांचे पंधरा वर्ग आणि त्यांचे पोटवर्ग पाडले आहेत, पण त्यात पहिल्याच वर्षी शिरलात तर छंद सुटेल.

ग्रोट वाचायला सोपा, कारण मोठा. मागे दोन ओळी : आत गाव, बाहेर ‘मी देवाला माझा साहाय्यकर्ता केलं आहे’ अशा अर्थाचं लॅटिन वचन. तिसऱ्या एडवर्डच्या ग्रोटवर फ्रान्सचा राजा ही पदवी दिसली तर 1351-61 किंवा 1369 नंतरचा. नसेल आणि ॲक्विटेनचं (नैर्ऋत्य फ्रान्समधला प्रांत) नाव असेल तर मधल्या आठ वर्षांचा, जेव्हा फ्रान्सशी झालेल्या तहामुळे त्याने ती पदवी सोडली होती. सहाव्या हेन्रीचे कॅले (फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं, तेव्हा इंग्रजांकडे असलेलं बंदर) इथले ग्रोट सहज मिळतात : राजाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना बारीक कडी, मागेही दोन कोनांत टिपक्यांमध्ये तशीच कडी.

चौथी पायरी : खुणा, आणि एलिझाबेथची सहा पेनी

टाकसाळीची चांदी आणि वजन ठरावीक काळाने तपासलं जाई, आणि प्रत्येक तपासणीच्या हप्त्याला एक खूण दिली जाई. ती मजकुराच्या सुरुवातीला कोरत. एलिझाबेथच्या नाण्यांवर या खुणा तारखेइतक्या कामाच्या आहेत, आणि सहा पेनीवर तर तारीखही आहे. शिकायला याहून चांगलं नाणं नाही.

राणीच्या डोक्यामागे गुलाब आणि ढालीवर साल असेल तर नाणं सहा, तीन, दीड किंवा पाऊण पेनीचं. गुलाब नसेल तर शिलिंग, ग्रोट, दोन पेनी किंवा एक पेनी. आकाराने जवळची नाणी बाजारात एकमेकांत मिसळू नयेत म्हणून 1561 पासून ही योजना केली. सहा पेनी साधारण 26 मिलिमीटरची, तीन ग्रॅमच्या आसपास.

काही खुणा पाठच करा : बाणाचं टोक 1561-65, कुंडलाकृती छोटा मुकुट 1567-70, ओकचं फळ 1573-74, घंटा 1582-83, पंजा 1590-92, पिंप 1592-95, किल्ली 1595-98, आणि शेवटी चक्क 1 हा आकडा 1601 साठी, 2 हा 1602 साठी. साल 1564 आणि खूण पिंपाची, असं कधी दिसलं तर आधी भिंगाने साल पुन्हा वाचा. 6 आणि 9 झिजल्यावर गोंधळ होतो. तरीही जमत नसेल तर नाणं खाली ठेवा.

एलिझाबेथनंतरच्या पहिल्या जेम्सपासून शिलिंगवर रोमन बारा आणि सहा पेनीवर रोमन सहा डोक्यामागेच लिहिलेले असतात, त्यामुळे काम सोपं होतं. 1649 ते 1660 मध्ये राजाच नव्हता. त्या काळातल्या हातोड्याच्या नाण्यांवर चेहरा नाही आणि मजकूर लॅटिनऐवजी इंग्रजीत.

आणि आता चेहरा. त्याचा खरा उपयोग आठव्या हेन्रीपाशी. 1526 पर्यंत त्याने बापाचंच चित्र वापरलं, फक्त नावापुढचा आकडा बदलला. मग तरुण, गुबगुबीत हेन्री. 1544 नंतर समोर बघणारा, दाढीवाला, आणि चांदी उतरत उतरत एक तृतीयांशावर आली. वरचा मुलामा झिजला की सगळ्यात उंच भाग, नाक, तांबडं दिसे. लोक त्याला तांबड्या नाकाचा म्हणू लागले.

झीज की कच्चा ठोका?

भाव यावर ठरतो. झिजलेला भाग गुळगुळीत असतो आणि झीज उंचवट्यांवर असते : नाक, केस, मुकुट. कच्च्या ठोक्याचा भाग सपाट असला तरी त्यावर चकतीचा मूळ खरखरीतपणा शिल्लक असतो, आणि बरोबर त्याच्या मागच्या जागीही छाप कच्चीच असते. दोन्ही बाजू ताडून बघा.

खोटी नाणी

ओतून केलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावलेल्या दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे, आणि कडेवर कानशीने घासलेली जोडरेषा. एकोणिसाव्या शतकातल्या विद्युत-मुलाम्याच्या प्रती दोन पातळ कवचं जोडून केलेल्या असतात, त्यामुळे कड भिंगाखाली धराच. सगळ्यात फसवी जात म्हणजे खऱ्या नाण्यावरून केलेल्या ठशांची. तिथे एकच युक्ती : दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर तीच चीर, तोच ओरखडा, तोच सरकलेला घाव असेल तर निदान एक तरी खोटं. हातोड्याने पाडलेली दोन नाणी कधीच इतकी जुळी नसतात. वस्तुसंग्रहालयांच्या दुकानातल्या शिशाच्या मिश्रणाच्या प्रती निरुपद्रवी असतात, पण पुढे कोणी त्यांवरची ‘कॉपी’ ची खूण घासून विकतो. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात वेढा पडलेल्या न्यूअर्क गावची चौकोनी नाणी, तिसरा रिचर्ड आणि सोन्याची नाणी पहिल्या दोन वर्षांत घेऊच नका.

घ्यायचं कुठून

सुरुवातीला तीन नाणी पुरेत : पहिल्या एडवर्डची लंडन किंवा कँटरबरीची पेनी, तिसऱ्या हेन्रीची लांब क्रॉसची पेनी आणि एलिझाबेथची साल वाचता येणारी सहा पेनी. ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सदस्य विक्रेत्यांकडून घ्या आणि खरेपणाची लेखी हमी मागा. लिलावात पुकारलेली किंमत शेवटची नसते, वर खरेदीदाराचं कमिशन चढतं. ते आधी विचारून मगच हात वर करा.

ताडून बघायला पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा (लोकांना जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना) फोटोंसह असलेला डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. त्यात राजा, नाणं आणि टाकसाळ टाकून शोधा. तिथली नाणी झिजलेली, वाकलेली, जमिनीतून निघालेली आहेत. म्हणजे तुमच्या हातातल्यासारखी. लंडनला असाल तर ब्रिटिश म्युझियमचं 68 क्रमांकाचं दालन बघून या.

इंग्लंड-वेल्समध्ये मेटल डिटेक्टर घेऊन निघण्याआधी जमीनमालकाची परवानगी लागते, आणि संरक्षित स्मारकाच्या जागी मनाई आहे. 300 वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे 14 दिवसांत कळवणं सक्तीचं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कडक.

भारतातून येणाऱ्यांनी एक गोष्ट करू नये : घरातल्या शिवराया किंवा मोगल रुपये अदलाबदलीसाठी बॅगेत टाकून आणणं. 100 वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. इंग्रजी संग्रह भारतात नेण्याआधीही हा विचार करा. परत नेताना तोच कायदा आडवा येऊ शकतो.

पुसू नका

देवघरातल्या निरांजनाला लावतो ती टूथपावडर, चिंच, रांगोळी, यातलं काहीही नाण्याला लावायचं नाही. काळसर पापुद्रा हा नाण्याच्या वयाचा भाग आहे. तो गेला की निम्मी किंमत गेली. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, टिपून वाळवा, बस्स. वाकलेलं नाणं सरळ करू नका, तुटेल. इंग्रजी एस अक्षरासारखं दोनदा वाकवलेलं असेल तर कोणीतरी ते प्रेमाची खूण म्हणून मुद्दाम वाकवलेलं असण्याची शक्यता मोठी.

मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यातून हिरवट चिकट थर सुटतो. आम्लरहित कागदी पाकीट किंवा मायलारचं (पॉलिस्टरच्या पारदर्शक फिल्मचं) पाकीट, घट्ट डबा आणि आत सिलिका जेल. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते जेल दर महिन्याला बदला. डब्यात रबरबँड ठेवू नका, त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

प्रत्येक नाण्याला पेन्सिलने लिहिलेलं तिकीट हवं. विक्रेत्याचं जुनं तिकीट असेल तर तेही जपा. नाण्याचा पूर्वेतिहास त्याच चिठोऱ्यात असतो. वरच्या पेनीचं तिकीट असं होईल : पहिला एडवर्ड, पेनी, कँटरबरी, सुमारे 1279-1300, 1.36 ग्रॅम, 18.5 मिमी, डावा डोळा कच्चा ठोका, कड पूर्ण. खाली कॅटलॉगमधला क्रमांक, खरेदीची तारीख आणि कोणाकडून घेतलं. किंमत मागच्या बाजूला.